"अभ्यास नाही केलास तर बागेत राबशील"

मी समुपदेशक, हल्ली महिन्याला तीनचार पालक तरी माझ्याकडे हेच घेऊन येतात, मॅडम, मुलाला कामाच्या माणसांची काही किंमतच नाही हो, सरळ अरेतुरे करतो. इथे रत्नागिरीत म्हणजे कधी बोटीवरचा खलाशी, कधी काजू फॅक्टरीतल्या बायका, कधी बागेतला गुरखा. त्यातली एक केस लिहिते, ओळख पटेल असं सगळं बदललंय.

पावस गावाच्या बाजूचं आंबा बागायतदार घर, मुलगा नववीत. राखणीच्या नेपाळी माणसाच्या अंगावर त्याने बाटली फेकली म्हणून आई घेऊन आली. मी एकट्या मुलाला बसवतच नाही, अख्खं घर बोलावते, कारण पोराच्या तोंडात जे येतं ते घरातनंच येतं हे माझं ठाम मत आहे.

"त्यांचं नाव काय?" मी विचारलं.

"बहादूर."

"ते तर सगळ्याच गुरख्यांना म्हणतात."

आठ सीझन तो माणूस यांच्याकडे येतोय, आणि तिघंही गप्प.

मग पोरगा फणकारला, "बाबाच म्हणतात, अभ्यास नाही केलास तर बहादूरसारखा बागेत राबशील. मग तो नापास झाला म्हणूनच तिथे आहे ना?"

आता सांगा, चूक काय बोलला? आपण कष्टाचा बागुलबुवा करतो आणि वर म्हणतो आदर कर.

पुढच्या वेळी आजोबांनाही बोलावलं. बाग कोणी लावली विचारलं तर वडील म्हणाले, "अण्णांनी, मुंबईला सर्व्हिसला होते ना."

"सर्व्हिस कसली," आजोबा म्हणाले, "गिरणीत होतो, साचेखात्यात, मागावर. एका खोलीत वीस जण, पाळीपाळीने झोपायचो. ८२ चा संप झाला नि घरी आलो. मी फक्त मनिऑर्डर करायचो, कलमं तुझ्या आजीने लावली, डोक्यावरनं पाणी आणून जगवली."

पोरगा त्यांच्याकडे बघतच राहिला. "म्हणजे तुम्ही पण बहादूरच?"

वडील खाली बघायला लागले. मी काही बोलले नाही. प्रॅक्टिसच्या पहिल्या वर्षांत असते तर लगेच चार वाक्यं समजावून सगळं घालवलं असतं, आता गप्प बसायला जमतं.

"होय तर," आजोबा म्हणाले. "जॉबर, म्हणजे आमचा मुकादम, नंबराने हाक मारायचा."

पालकांना माझं सांगणं एवढंच, ती धमकी आजपासून बंद करा. शिक्षा म्हणून पोराला बागेत पाठवू नका, काम म्हणजे शिक्षा हेच तो परत शिकेल. पगार देताना त्याला शेजारी बसवा, पण अॅडव्हान्स कापताना तुमची जीभ कशी चालते ते आधी ऐका. आणि आजोबा गिरणीत होते तर गिरणीत होते म्हणा, सर्व्हिस सर्व्हिस काय.

मे महिन्यात आईचा फोन आला. पोरगा आपणहून झेला, म्हणजे आंबे काढायची जाळीची काठी, घेऊन बागेत गेला होता, दहा आंबे काढले त्यातले सात देठाशिवाय, सगळ्या फळांवर चीक सांडलेला. बहादूर, म्हणजे आता त्याला सगळे नावाने हाक मारतात, खूप हसला म्हणे. तोंड अजून चालतंच हो, आई म्हणाली, पण हल्ली जास्त माझ्यावरच.