गुलाब पिवळा पडला तर आधी बादली बघा

प्रश्न : ताई, लातूरला नवं घर बांधलं आणि दारात सहा कलमी गुलाब लावले. कोवळी पानं पिवळी पडताहेत, शिरा मात्र हिरव्याच राहतात. शेणखत घातलं, दोनदा युरिया दिला, चुलीतली राख टाकली, पण पिवळेपणा वाढतच गेला. बोअरचं पाणी सकाळ-संध्याकाळ घालते. काय चुकतंय?

उत्तर : तुम्ही एक गोष्ट नेमकी टिपली आहे आणि निदान तिच्यातच आहे. नत्र (युरियातून मिळतं ते) कमी पडलं की आधी खालची, जुनी पानं पिवळी होतात. शेंडा पिवळा आणि शिरा हिरव्या, म्हणजे झाडाला लोह मिळत नाही. आपल्या काळ्या मातीत लोह नसतं असं नाही. पण चुनखडीच्या जमिनीत सामू (पीएच, म्हणजे माती किती आंबट की खारट याचं माप) 8 च्या वर गेला की ते मुळांना उचलता येत नाही. गुलाबाला 6 ते 7 सामू मानवतो.

आता तुमची पाण्याची बादली बघा. आतून पांढरा थर धरलाय का? साबणाला फेस येत नाही, डाळ लवकर शिजत नाही, असं होतं का? होत असेल तर तेच क्षाराचं पाणी तुम्ही दिवसातून दोनदा गुलाबाला पाजताय. वर राख! राखेने सामू आणखी चढतो. ती आजपासून बंद करा. युरियाही बंद.

तातडीचा उपाय म्हणजे 1 लिटर पाण्यात 5 ग्रॅम हिराकस (फेरस सल्फेट) आणि अर्ध्या लिंबाचा रस. गाळून घ्या, ऊन उतरल्यावर पानांवर फवारा, आठ-दहा दिवसांच्या अंतराने तीनदा. फरशीवर सांडू देऊ नका, गंजाचे डाग जात नाहीत. पुढची कोवळी पानं हिरवी निघतील. जुनी पिवळी सगळी सुधारतीलच असं नाही, त्यांच्यासाठी जीव खालीवर करू नका. मुळाशी द्यायचं लोह कृषी सेवा केंद्रात मिळतं. तिथे ‘ईडीडीएचए’ प्रकारचं चिलेटेड लोह, म्हणजे मुळांना उचलता येईल अशा रूपातलं लोह, मागा. चुनखडीच्या जमिनीत ‘ईडीटीए’वालं फार टिकत नाही.

पण मला जास्त काळजी तुमच्या ‘सकाळ-संध्याकाळ’ची वाटते. मीसुद्धा पहिल्या वर्षी हेच केलं. काळ्या मातीत दीड फुटाचे खड्डे घेतले, त्यात शेणखत भरलं आणि रोज पाणी दिलं. वरची माती भेगाळलेली दिसायची, म्हणून आणखी पाणी. अकरा झाडं गेली. शेवटचं उपटलं तेव्हा मुळं काळी पडून वास मारत होती. भारी जमिनीत घेतलेला खड्डा विहिरीसारखा पाणी धरून ठेवतो, हे मला अकरा झाडं गमावून कळलं. तेव्हा खुरप्याने चार बोटं उकरून बघा. आत ओल असेल तर पाणी नको. जमलं तर हिवाळ्यात झाडं काढून जमिनीपासून वीतभर उंच वाफा करा. काळी माती एक भाग, पोयटा किंवा बारीक मुरूम एक भाग, आणि चांगलं कुजलेलं शेणखत एक भाग.

2016 च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं होतं. माणसांनाच पाणी नव्हतं, तिथे गुलाबाचं नाव कोण घेणार? मी फक्त तांदूळ-डाळ धुतलेलं पाणी जपून ठेवायचे आणि आठवड्यातून दोनदा तांब्याभर द्यायचे. बुडाशी सोयाबीनचं भुसकट चार बोटं जाड पसरलं होतं. तीन झाडं जगली, त्यातलं एक गावठी. जून लागताच तिन्ही फुटली. त्या वर्षापासून आमच्या अंगणात पाणी मोजून पडतं.

घरात आरओ असेल तर त्याचं वाया जाणारं पाणी कुंड्यांना घालू नका. मशीन क्षार बाजूला काढतं, ते सगळे त्याच पाण्यात उतरतात. भांडी घासलेलं पाणीही नको. पावसाळ्यात पत्र्याखाली पिंप लावा. पावसाच्या पाण्याने मातीतले क्षार खाली जातात, हा फायदा मी दरवर्षी घेते.

प्रश्न : नांदेडला आमच्याकडे ग्लॅडिएटरचं कलम आहे. दोन वर्षं मोठी लाल फुलं आली. आता लांब लांब फांद्या येतात आणि बारीक फिकट फुलांचे झुपके लागतात. फूल बदललं का?

उत्तर : फूल बदललेलं नाही, झाड बदललंय. ग्लॅडिएटरचा डोळा (कळीचा कोंब) ज्या जंगली खुंटावर बांधून कलम केलं होतं, त्या खुंटाचा फुटवा वर आलाय. आमच्या सासूबाई अशाच झुपक्यांवर खूश होत्या. त्यांना समजावणं मला फार अवघड गेलं. बुडाशी माती उकरा, कलमाचा सांधा शोधा. फांदी सांध्याच्या खालून निघाली असेल तर ती जंगली. कात्रीने छाटू नका, छाटली की दुप्पट जोमाने येते. जिथून निघाली तिथून ओढून मुळासकट उपटा. बऱ्याचदा जंगली फांदीच्या एकेका पानात सात पर्णिका (छोटी पानं) दिसतात, पण खात्री सांध्यानेच करा. सांध्याच्या वर एकही जिवंत डोळा उरला नसेल तर ग्लॅडिएटर गेला असं समजा, नवं कलम आणा आणि लावताना सांधा मातीच्या वर ठेवा.

प्रश्न : परभणीत उन्हाळ्यात छाटणी केली तर चालेल का?

उत्तर : नको. कापलेल्या फांद्या उन्हात वरून खाली वाळत येतात. पाऊस ओसरल्यावर ऑक्टोबरमध्ये छाटा, बाहेरच्या बाजूच्या डोळ्याच्या वर तिरका काप घ्या. साधारण 40 ते 45 दिवसांत फुलं येतात. कापावर बोर्डो मलम लावा. 100 ग्रॅम मोरचूद (कॉपर सल्फेट) आणि 100 ग्रॅम चुना वेगवेगळे भिजवून, मिळून 1 लिटर करा, आणि भांडं प्लास्टिकचं किंवा मातीचं घ्या. गावठी गुलाबाच्या मात्र नुसत्या वाळक्या फांद्या काढा. आणि त्याच्या पाकळ्यांचा गुलकंद करणार असाल तर त्या झाडावर रासायनिक औषध अजिबात फवारू नका.