टाच, नडगी आणि सकाळची पहिली दहा पावलं

या वेळी पत्रांचा ढीग आलाय आणि निम्मी पत्रं टाचेचीच आहेत, पावसाळी रेसची नोंदणी झाली की दरवर्षी हे होतंच. म्हणून पहिल्या प्रश्नाला जास्त जागा दिलीय, बाकीच्यांनी रागावू नका.

प्रश्न : वय ४७, बँकेत नोकरी, कोथरूडला राहतो. दीड वर्ष झालं पळतोय. सप्टेंबरच्या सातारा हिल हाफ मॅरेथॉनला नाव घातलंय. महिन्याभरापासून उजव्या टाचेच्या मागे, जरा वर, दुखतंय. सकाळी उठल्यावर पहिली दहा पावलं भिंत धरून टाकतो. पळायला लागलो की दोन किलोमीटरनंतर काहीच जाणवत नाही आणि दुसऱ्या दिवशी परत तेच. डॉक्टर म्हणतात पळणं बंद, ग्रुपवाले म्हणतात गरम झाल्यावर जातंय ना, मग पळ. कोणाचं ऐकू?

दोघांचंही पूर्ण ऐकू नका. वर्णनावरून तरी हे अकिलीसचं दुखणं वाटतंय, म्हणजे पोटरीला टाचेशी जोडणारी ती जाड दोरी. तिचा स्वभावच लबाड आहे, गरम झाली की गप्प बसते त्यामुळे पळताना कळतंच नाही, खरा रिपोर्ट मिळतो दुसऱ्या दिवशी सकाळी बेडपासून बाथरूमपर्यंत जाताना. ग्रुपवाले पळतानाचं दुखणं बघतायत, तुम्ही सकाळचं बघा.

हे होतं का, तर दम आणि स्नायू काही आठवड्यांत तयार होतात, या दोरीला मात्र महिने लागतात आणि पंचेचाळिशीनंतर तर तिला अजिबात घाई नसते. दीड वर्षाने तुम्हाला वाटतं आपण आता तयार झालो, छाती साथ देते, मग एकदम घाट सुरू होतात. तुम्ही लिहिलं नाहीये पण मी पैज लावतो की नाव घातल्यावर तुम्ही आठवड्यातून दोनदा टेकडी चढायला लागलात.

माझंही हेच झालं होतं, ४९व्या वर्षी. मी शहाणपणा करून सहा आठवडे पूर्ण बंद ठेवलं, दुखणं शून्यावर आलं, खुशीत पाच किलोमीटर पळून आलो आणि दुसऱ्या दिवशी परत भिंत धरली. नुसत्या विश्रांतीने दुखणं झोपतं, दोरी काही मजबूत होत नाही, उलट मधल्या काळात पोटरी ढिली पडते. डॉक्टरांचं इथेच अर्धं राहिलं, बंद करा म्हणाले पण त्या वेळात करायचं काय ते सांगितलं नाही.

करायचं ते असं. स्वीडनमधल्या आल्फ्रेडसन नावाच्या हाडांच्या डॉक्टरांनी १९९८ साली १५ हौशी पळणाऱ्यांवर हा व्यायाम करून बघितला, त्यांचं सरासरी वय चव्वेचाळीसच्या आसपास, म्हणजे आपलीच माणसं. १२ आठवड्यांनी सगळे परत पळायला लागले होते. पायरीच्या कडेवर चवड्यांवर उभं राहायचं, दोन्ही पायांनी वर जायचं, मग चांगला पाय उचलून घ्यायचा आणि दुखऱ्या पायावर टाच सावकाश पायरीच्या खाली सोडायची. परत वर जाताना चांगल्या पायाचा आधार. १५ वेळा, असे ३ सेट गुडघा सरळ ठेवून आणि ३ सेट गुडघा किंचित वाकवून, सकाळ-संध्याकाळ. म्हणजे दिवसाला १८० होतात, कंटाळा येतो, मला माहितीय. मी जिन्यातल्या शेवटच्या पायरीवर करायचो, दूधवाला रोज विचारायचा, काका चावी विसरलात का.

व्यायाम करताना थोडं दुखेल, दहापैकी तीन-चारपर्यंत चालतं, पण दुसऱ्या दिवशी सकाळी नेहमीपेक्षा जास्त दुखलं तर आदल्या दिवशीचं जास्त झालं असं समजायचं. सोपं वाटायला लागलं की पाठीवर सॅक घ्या, त्यात दोन-तीन किलो तांदूळ. एक मात्र नीट तपासा, दुखणं टाचेच्या हाडापासून दोन-चार बोटं वर असेल तर हे सगळं असंच, पण अगदी हाडालाच चिकटून दुखत असेल तर टाच पायरीच्या खाली सोडायची नाही, सपाट जमिनीवरच करायचं. खाली सोडली की तिथे हाड दोरीला दाबतं आणि दुखणं वाढतं. हा फरक फिजिओकडून एकदा बघून घ्या.

पळणं पूर्ण बंद करायची गरज बहुतेक पडणार नाही. एक दिवसाआड, सपाट रस्त्यावर, सावकाश, सकाळचं दुखणं वाढू न देता. टेकडी बंद. चढावर टाच खाली दबते आणि दोरी जास्तीत जास्त ताणली जाते. आणि सातारा म्हणजे आधी यवतेश्वरचा घाट चढायचा, मग तोच उतरायचा. चढ टाचेला, उतार मांडीला आणि गुडघ्याला. जूनचा अंक आहे हा, १२ आठवडे मोजले तर ऑगस्ट संपला, घाटाच्या सरावाला काही उरतच नाही. मी तुमच्या जागी असतो तर यंदा साताऱ्याला जाऊन मित्रांसाठी टाळ्या वाजवल्या असत्या. पैसे गेले तर गेले.

अजून एक, जे कोणी विचारत नाही. मधल्या काळात लूज मोशनसाठी वगैरे सिप्रो किंवा ओफ्लॉक्स जातीच्या गोळ्या घेतल्या होत्या का? या गटातल्या अँटिबायोटिक्समुळे अकिलीस दुखावू शकते, क्वचित तुटतेसुद्धा. घेतल्या असतील तर डॉक्टरांना सांगा. आणि पळताना मागून कोणी काठी मारल्यासारखं झालं, वळून बघितलं तर कोणीच नाही, तर व्यायाम-बियाम विसरा आणि त्याच दिवशी हॉस्पिटल गाठा.

प्रश्न : सासूबाई रोज म्हणतात, गुडघे झिजतील. मी ४४ वर्षांची, आठवड्याला २५ किलोमीटर. झिजतात का हो?

गुडघा म्हणजे स्कूटरचा टायर नाही. २०१७ साली बऱ्याच अभ्यासांचे आकडे एकत्र करून बघितले तेव्हा हौशी पळणाऱ्यांत गुडघ्या-खुब्याचा संधिवात साधारण ३.५ टक्के निघाला, न पळणाऱ्यांत १०.२ आणि स्पर्धेसाठी जिवाच्या आकांताने पळणाऱ्यांत १३.३. आता ज्यांचे गुडघे मुळात धड असतात तेच पळत राहतात हाही भाग त्यात असणारच, म्हणून हे आकडे सासूबाईंच्या तोंडावर मारू नका. गुडघा सुजला, अडकला किंवा जिन्यात दगा द्यायला लागला तर मात्र दाखवा.

प्रश्न : वय ५१, डोंबिवली. दोन वर्षांपूर्वी पाळी गेली. जानेवारीत मुंबईची फुल मॅरेथॉन करायची म्हणून मार्चपासून किलोमीटर वाढवलेत. डाव्या नडगीवर एकाच जागी दुखतं, आता रात्री झोपेतही. एक्स-रे नॉर्मल आला, पळू ना?

नाही ताई, आजपासून थांबा. वरच्या टाचवाल्यांना मी पळा म्हटलं आणि तुम्हाला थांबा म्हणतोय त्याचं कारण आहे. नडगीच्या कडेने वीतभर लांब दुखत असतं तर वेगळी गोष्ट, पण एका बोटाने दाखवता येईल अशी जागा, त्यात रात्रीचं दुखणं, म्हणजे हाडाला बारीक तडा गेल्याची शंका घ्यायलाच हवी. पहिले काही आठवडे एक्स-रेत तो बऱ्याचदा दिसतच नाही, त्यामुळे नॉर्मल रिपोर्टवर जाऊ नका, डॉक्टरांना एमआरआयबद्दल विचारा. एका पायावर उड्या मारून बघायच्या भानगडीत घरी पडू नका.

पाळी गेल्यावर हाडं पटकन विरळ होतात, म्हणून हाडांची घनता आणि डी व्हिटॅमिन तपासून घ्या. आणि खाणं. पळायला लागल्यावर वजन उतरतंय म्हणून बायका रात्रीची भाकरी सोडतात, आमच्या ग्रुपमधेच तिघींनी सोडली होती, हाडाला भरायला मग काही मिळतच नाही. तडा निघाला तर साधारण दोन महिने गेले असं धरा, कधीकधी जास्त. परत आलात तरी आधी चालणं, मग मिनिटभर पळणं मिनिटभर चालणं. जानेवारी अजून सात महिने लांब आहे पण यंदा हाफवर या, फुल कुठे पळून जात नाही.

प्रश्न : मुंबई फुलला परतीच्या पेडर रोडच्या चढावर दरवेळी पेटके येतात. सुरुवातीलाच पेनकिलर घेऊन, प्रत्येक स्टेशनला भरपूर पाणी पिऊन बघू का?

दोन्ही नको. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक असल्या गोळ्या, वर घामाने आटलेलं शरीर आणि चार-पाच तासांचं पळणं, यात किडनी भरडली जाते. आणि दुखणं बंद केलं की पाय काय सांगतोय ते ऐकूच येत नाही. पाणी तहान लागेल तसं. गरजेपेक्षा जास्त प्यायलं तर रक्तातलं सोडियम उतरतं, डोकं दुखतं, उलटी होते, माणूस बरळायला लागतो आणि लोक समजतात पाणी कमी पडलं म्हणून अजून पाजतात. अंगठी बोटात घट्ट व्हायला लागली तर पिणं थांबवा. पेटके बहुतेक वेळा थकलेल्या स्नायूचे असतात, पहिले २० किलोमीटर तुम्ही झेपेल त्यापेक्षा जोरात जाता. टायमिंगचे स्प्लिट्स, म्हणजे प्रत्येक टप्प्याला किती वेळ लागला ते, काढून बघा, उत्तर तिथेच मिळेल.

प्रश्न : वय ५३. घड्याळ म्हणतं माझी कमाल हार्टरेट १६७, पण मी १७५ला पण मजेत असतो. घड्याळ बिघडलंय का?

घड्याळ बरोबर आहे, त्याने २२०मधून वय वजा केलं. तो ठोकताळा आहे, खऱ्या माणसात दहा-बारा ठोके इकडेतिकडे असतात. रोजच्या पळण्याला आकडा नकोच, पळता पळता एकोणतीसचा पाढा मोठ्याने म्हणा. मधेच श्वास तुटला तर स्पीड कमी करा. घरात कोणाला कमी वयात हार्टचा त्रास झाला असेल, बीपी-शुगर असेल, तर आधी डॉक्टरांना दाखवून मगच वेग वाढवा, आणि चढावर छाती आवळली, जबडा किंवा हात दुखला तर जागेवर थांबा, रेस असली तरी. एकोणतीसचा पाढा येत नसेल तर सतराचा चालेल.