गुडघ्याच्या वाटीखाली दुखतंय, साताऱ्याच्या हिल हाफ मॅरेथॉनला सात आठवडे उरलेत. धावणं पूर्ण बंद करू का?

पहिले दोन किलोमीटर वाटीखाली दुखतं, अंग गरम झालं की थांबतं आणि दुसऱ्या दिवशी जिना उतरताना जीव जातो, असं तुम्ही लिहिलंय. हुबेहूब माझीच गोष्ट. मी डॉक्टर नाही, पंचेचाळिशीतला हौशी धावणारा आहे, पण या दुखण्यात वर्षभर घालवलंय.

आधी एका पायावर उभं राहून हळूहळू अर्धवट खाली बसा. वाटीच्या खालच्या टोकाशी, नाण्याएवढ्या जागेत कळ आली आणि खाली जाल तशी वाढली, तर बहुधा पटेलर टेंडन. म्हणजे वाटीला नडगीच्या हाडाशी जोडणारा पट्टा. दुखणं गुडघ्याच्या बाहेरच्या अंगाला असेल तर तो आयटी बँडचा, म्हणजे मांडीच्या बाहेरून गुडघ्याखाली जाणाऱ्या पट्ट्याचा प्रकार, त्याचं गणित वेगळं.

या शर्यतीत यवतेश्वरचा घाट चढताना दम लागतो, गुडघे मात्र गप्प असतात. खरी वसुली परतीच्या उतारावर होते. तिथे प्रत्येक पावलाला मांडीचा स्नायू ब्रेक मारतो आणि तो सगळा ताण याच पट्ट्यातून जातो. मी तर तयारी म्हणून दर रविवारी सिंहगडचा घाट धावत उतरायचो, तोही घड्याळ लावून. शहाणपणाच!

मला एका डॉक्टरांनी सहा आठवडे पूर्ण विश्रांती सांगितली. दुखणं गेलं. सातव्या आठवड्यात पाच किलोमीटर धावलो आणि पुन्हा जैसे थे. विश्रांतीने टेंडन शांत होतो, पण त्याची ताण सोसायची ताकद वाढत नाही, उलट घटते. ती वाढते वजन पेलूनच.

हे मला नंतर एका फिजिओने शिकवलं. जिममधल्या लेग एक्स्टेन्शनच्या, म्हणजे बसून वजनासकट पाय सरळ करायच्या मशीनवर गुडघा अर्धा वाकवून वजन नुसतं धरून ठेवायचं, 45 सेकंद, पाच वेळा, मध्ये दोन मिनिटं थांबून. मशीन नसेल तर भिंतीला पाठ टेकून खुर्चीत बसल्यासारखं. पहिल्या दिवशी तिसाव्या सेकंदालाच मांड्या लटलटल्या आणि वेळ मोजणारी मुलगी खो-खो हसत होती. मग दिवसाआड सावकाश स्क्वॉट, तीन सेकंद खाली, तीन सेकंद वर, पाठीवरच्या सॅकमध्ये पाच किलो तांदूळ. पुढे दहा, मग पंधरा. बारा आठवडे तरी धरून चाला. मला पाच महिने लागले.

तेव्हा धावणं पूर्ण बंद करू नका, कमी करा. सपाट रस्ता, थोडं अंतर, उतार आणि स्पीडवर्क, म्हणजे वेगाने धावायचा सराव, सध्या नको. दहापैकी तीनपर्यंत दुखलं तर चालेल, पण दुसऱ्या सकाळी वाढलेलं नको. दूध आणायला मी दोन मजले उतरायचो, तीच माझी रोजची परीक्षा. वाढलं असेल तर पुढचा रन आखूड.

स्टेरॉइडचं इंजेक्शन कोणी सुचवलं तर दहादा विचार करा. काही आठवडे छान वाटतं, पुढे टेंडनचं नुकसानच होतं. आणि गुडघा सुजला, अडकला, किंवा कट्‌ आवाज होऊन पाय सरळ करता येईना, तर मात्र हे सगळं सोडून त्याच दिवशी ऑर्थोपेडिककडे जा.

सात आठवड्यांत हे पूर्ण बरं होणार नाही. सकाळची परीक्षा पास होत असेल तर कटऑफचा, म्हणजे शर्यत संपवायच्या वेळमर्यादेचा हिशोब मांडून उतरा, नाहीतर यंदा सोडा. मी त्या वर्षी चढ हळू धावलो आणि परतताना घाटातल्या वळणांवर चक्क चालत आलो. आजोबांच्या वयाचे दोघं-तिघं मला मागे टाकून गेले.