एमएसमध्ये जीभ जड होते तेव्हा: तुमचे प्रश्न

बायकोला सहा वर्षं एमएस (मल्टिपल स्क्लेरोसिस, मेंदू आणि मज्जारज्जूतल्या नसांचा आजार) आहे. हल्ली एकेक अक्षर तोडून बोलते, फोनवर लोकांना वाटतं हिने घेतलीये की काय. डोक्यावर परिणाम झालाय का?

अहो नाही. असं तुटक बोलणं पॅरिसच्या डॉक्टर शार्को यांनी 1868 मध्येच एमएसच्या लक्षणांत नोंदवलंय. लहान मेंदूकडे जाणाऱ्या-येणाऱ्या नसांचं मायलिनचं आवरण खराब झालं की जीभ, ओठ आणि श्वास यांचं टायमिंग चुकतं आणि 'दवाखाना'चं 'द...वा...खा...ना' होतं, शब्द आत तयार असतो पण बाहेर पडताना अडकतो. शब्दच आठवत नसेल तर ती वेगळी तक्रार, एमएसमध्ये तीही होते, डॉक्टरांना दोन्ही वेगवेगळं सांगा. आणि प्लीज, तिचं वाक्य तुम्ही पूर्ण करू नका, माझ्याकडे येणारे निम्मे नवरे तेच करतात.

मे महिन्यात दुपारी बोलणं एकदम बिघडतं. नवीन अटॅक समजायचा का?

बहुतेक नाही. अंग तापलं की खराब नसांमधून सिग्नल नीट जात नाही, एसीत बसल्यावर, गार पाणी प्यायल्यावर सुधारतं. पण त्रास 24 तासांपेक्षा जास्त टिकला तर न्यूरोलॉजिस्टना फोन करा, ताप किंवा लघवीचं इन्फेक्शन आहे का तेही बघतील. अचानक तोंड वाकडं झालं तर मात्र वाट बघू नका, तडक हॉस्पिटल गाठा.

दिवसातून दहा-बारा वेळा अर्धा मिनिट जीभ लडबडते, मग सगळं नॉर्मल. घरचे म्हणतात टेन्शन घेतेस.

टेन्शन नाही, एमएसमध्ये असे छोटे झटके येतात. तपासायला जाल तेव्हा नेमका येणार नाही, म्हणून मोबाइलवर व्हिडिओ काढून ठेवा. कार्बामाझेपिनसारख्या गोळीने बऱ्याच जणांना फरक पडतो, पण ती डॉक्टरांनीच द्यायची, मेडिकलमधून आणायची नाही.

मेणबत्ती फुंकण्याचे व्यायाम करू का?

माझं मत विचाराल तर बोलणं सुधारायला बोलायचाच सराव हवा. ताठ बसा, एका श्वासात तीन-चारच शब्द, प्रत्येक शब्दाला मांडीवर बोटाने टिचकी. 'आज भाजीत / मीठ जरा / जास्त झालंय', असं. टीव्ही बंद करून बोला, महत्त्वाचे फोन सकाळीच उरका, संध्याकाळी थकव्याने आवाज बसतो. आणि चहा-पाण्याला ठसका लागत असेल तर हे सगळं राहू दे, आधी गिळण्याची तपासणी करून घ्या.