नवजात बाळासाठी बाबागाडी की स्लिंग?

पहिले काही महिने बाळाला स्वतःची मान सावरता येत नाही, हे लक्षात ठेवूनच बाबागाडी आणि स्लिंग, म्हणजे बाळाला आपल्या अंगाशी बांधून घेण्याचे कापड, या दोन्हींपैकी निवड करावी. बाबागाडी घेणार असाल, तर तिची पाठ पूर्ण आडवी होते का, हे आधी पाहा. साधारण ६ महिन्यांपर्यंत, म्हणजे बाळ आधाराविना बसू लागेपर्यंत, त्याला सपाट निजवणेच योग्य. रंग आणि कप्पे नंतर बघता येतात.

स्लिंगच्या बाबतीत मात्र अधिक काटेकोर राहावे. कापडात बाळाचे गाठोडे होऊन हनुवटी छातीवर टेकली, तर श्वासमार्ग दबतो आणि त्याला रडताही येत नाही. म्हणून हनुवटीखाली दोन बोटे मावतील एवढी जागा, चेहरा उघडा, आणि आपण मान जराशी झुकवताच टाळूचा मुका घेता येईल इतक्या उंचीवर बाळ, ही खूण मी कायम पाळली. गुडघे कुल्ल्यांपेक्षा किंचित वर असावेत, पाय लोंबकळू नयेत. बाळ अपुऱ्या दिवसांचे वा कमी वजनाचे असल्यास आधी बालरोगतज्ज्ञांना विचारावे.

आणखी एक, गाडीच्या दांड्याला पिशव्या अडकवू नका. मी अडकवली होती. बाळाला उचलून घेताच रिकामी गाडी मागच्या मागे उलटली.