हॉलमधली आर्टिफिशियल फुलं लगेच ओळखू येतात, काय करावं?

ताई, नवीन फ्लॅटच्या हॉलसाठी भारीतले गुलाब आणि मोगरा घेतला तरी येणारा प्रत्येकजण दारातूनच "प्लास्टिकची का?" म्हणतोय असं तुम्ही लिहिलंय. अहो यात फुलांच्या क्वालिटीपेक्षा निवडीचा दोष जास्त आहे. मोगरा, झेंडू, जास्वंद, गुलाब आपल्याकडं रोज हातात असतात, देवाला, गजऱ्याला, आणि मोगऱ्याचा वास नाही आला की डोळ्याच्या आधी नाक चुगली करतं. रोजच्या हाताळणीत नसलेली फुलं घ्या. माझी पहिली पसंती फॅलेनॉप्सिस ऑर्किड, कारण खरं ऑर्किडच मुळात मेणाचं केल्यासारखं दिसतं, बहुतेकांना वास नसतो, आणि खरं फूलसुद्धा दोन-दोन महिने टिकतं त्यामुळं "हे गेल्या महिन्यात पण होतं की" असा संशय येत नाही. त्याखालोखाल हायड्रेंजिया, म्हणजे बारक्या फुलांचा मोठा गोल गुच्छ, त्यात कापडी पाकळ्या एकदम खपून जातात.

घेताना फूल नंतर बघा, आधी पान उलटं करा. मागच्या बाजूला पण शिरा उठलेल्या असतील तर माल बरा. कापडी म्हणजे बहुतेक पॉलिस्टर असतं, सिल्क म्हणून विकतात तेही, त्याच्या पाकळीच्या कडेला दोरे सुटलेत का बघायचं. रिअल टच म्हणतात त्यावर लॅटेक्स (रबर) किंवा पीयूचं (पॉलियुरेथेन, एक मऊ प्लास्टिक) कोटिंग असतं, हाताला गार आणि ओलसर लागतं, महाग पडतं पण जवळून बघितलं जाणाऱ्या टेबलावर तेच ठेवा. निळे गुलाब आणि गोंदाचे दवबिंदू चिकटवलेलं काहीही नको.

आता खरी मेख मांडणीत आहे. दुकानातनं आणलं आणि तसंच खुपसलं की झालं वाटोळं, सगळ्या काड्या काटकोनात उभ्या, सगळी फुलं एकाच उंचीवर आणि सगळ्यांची तोंडं समोर, शाळेच्या ग्रुप फोटोसारखी. काडीत तार असते ती वाकवायलाच दिलेली असते. एखादं फूल भिंतीकडं वळवा, एक जरा झुकवा, पानं बोटांनी मुरडून पसरा, पक्कडनं काड्या कमीजास्त कापा, आणि कळ्या असलेली एखादी काडी हवीच. पारदर्शक काचेत हिरवं प्लास्टिक दिसतं म्हणून मातीचा नाहीतर पितळेचा पॉट घ्या. मधे मनी प्लांटचे खरे वेल सोडले तर लई फरक पडतो, फक्त त्यांची पाण्याची बाटली आतल्या आत वेगळी ठेवा, नाहीतर तार गंजून पितळेला डाग पडतात.

आपल्या कोल्हापूरच्या पावसात तर तार पाणी न लागता पण गंजते, म्हणून कापलेल्या टोकाला मेणबत्तीचं मेण लावून ठेवायचं. सणापुरती काढायची आर्टिफिशियल फुलं नंतर प्लास्टिकच्या पिशवीत बांधून माळ्यावर टाकू नका, दमटपणानं कापडावर बुरशीचे ठिपके येतात, जुन्या सुती साडीत गुंडाळा. पश्चिमेच्या खिडकीत लाल-जांभळे रंग उन्हानं लवकर उडतात. धूळ मऊ ब्रशनं किंवा हेअर ड्रायरच्या गार हवेनं उडवायची. चिकट झाली असतील तर कोमट पाण्यात भांड्याच्या लिक्विडचे दोन थेंब टाकून बुचकळा, पण आधी एका पाकळीवर बघा रंग जातोय का, पिळायचं नाही, सावलीत उलटी टांगायची.

गौरी-गणपतीला मागच्या पडद्यावर खुशाल लावा, पण समई-निरांजनापासून हातभर लांब, पॉलिस्टर पेटलं की वितळून गळतं. आणि देवापुढं खरीच फुलं बरी, गौर तर आपण तेरड्याचीच आणतो, तिच्या शेजारी प्लास्टिकचा झेंडू मला तरी बघवत नाही.

खरेदी महाद्वार रोड किंवा लक्ष्मीपुरीत करा, पण गणपतीच्या तोंडावर नको. गर्दीत पान उलटं करून बघायला दुकानदार उभं करत नाही, भावही तेव्हा चढलेला असतो. आत्ता असलेले गुलाब टाकू नका, पाकळ्या लांबून बघायच्या तिथं म्हणजे कपाटावर किंवा पॅसेजच्या टोकाला चालतील.