पाऊल रुंद आहे, इंदुरात नाइकीचा एअर फोर्स वन बूट दिवसभर घालता येईल का?

येईल, पण अर्धा नंबर लहान बघा. हा बूट मुळातच सैल येतो. मी नेहमीचाच नंबर घेतला आणि सराफा बाजारात टाच फटक-फटक करत हिंडलो! मात्र पाऊल फारच रुंद असेल तर आहे तोच नंबर बरा, नाडी कसून बांधा. १९८२ साली नाइकीचा डिझायनर ब्रूस किलगोरने तो बास्केटबॉलसाठी बनवला. नाइकीची हवेची गादी बास्केटबॉलच्या बुटात पहिल्यांदा आली ती यातच. गादी बुटाच्या तळात पुरलेली, दिसत नाही आणि खरं सांगू, फारशी जाणवतही नाही. वजनदार आहे, पळायला नको. चामडं सुरुवातीला बोटांच्या घडीवर टोचतं, जाड मोजे घाला. पांढरा घेतलात तर रंगपंचमीच्या गेरमध्ये, म्हणजे रंगांच्या मिरवणुकीत, जुनी चप्पलच बरी.